थंडीत सायकल चालती ठेवायची तर आधी पाणी काढा

परभणीत डिसेंबर लागला की माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर जायच्या आत एक तक्रार हमखास येते. "ताई, पेडल मारायलोय तर नुसतंच फिरायलंय, सायकल पुढं सरकंना." पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, पहाटे घरी परतणारे रखवालदार, सगळ्यांची तीच रड. आठ-साडेआठला ऊन पडलं की सायकल आपोआप चालायला लागते, मग गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या ताई, झाली नीट. नीट काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

आमच्या परभणीचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, हिवाळा कुणी मनावर घेत नाही. उत्तरेचं वारं सुटलं आणि रात्रभर आभाळ मोकळं राहिलं की कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. दुपारी मात्र अठ्ठावीस-तीस. रात्र आणि दुपार यांत एवढी तफावत असली की सायकलीच्या नाजूक जागा आधी बोलायला लागतात.

यंदा हाच प्रश्न जर्मनीतून आला. माझ्या बहिणीची पोरगी केम्निट्झला शिकते. तिथं जुनी सायकल घेतली आणि पहिल्या बर्फाच्या आठवड्यात फोन केला, "मावशी, रात्री सगळे गिअर पडत होते, सकाळी एकच राहिलाय. आणि मागचा ब्रेक दाबला तर सुटतच नाही." तिला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, मग तिच्या मैत्रिणींनी विचारलं, त्यात एक लातूरची, एक नांदेडची. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. इथला गारठा आणि तिथला बर्फ यांत फरक पुष्कळ, पण सायकल अडते ती दोन्हीकडं सारख्याच कारणांनी.

थंडी लोखंडाचं, छर्ऱ्यांचं, चेनचं काही वाकडं करत नाही. वाकडं करतं ते आत शिरलेलं पाणी आणि थिजलेलं तेल. थंडी फक्त पाणी जिथं असेल तिथं त्याला पकडते. म्हणून मी हिवाळ्याची तयारी म्हणते तेव्हा त्यात निम्मं काम पाणी बाहेर ठेवायचं असतं.

पाणी येतं कुठून

इथं पावसाळा संपलेला असतो, तरी सकाळी सायकल चिंब ओली. दहिवर. उघड्यावर ठेवलेली सायकल रात्रभर आभाळाकडं उष्णता सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, मग हवेतलं बाष्प तिच्यावर बसतं. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटलं, गहू-हरभऱ्याची भिजवणी सुरू झाली की शेताकडच्या सायकलींवर तर पाणी निथळतं. ते सीटच्या पाइपातून फ्रेममध्ये उतरतं, ब्रेकच्या वायरीत जातं, मागच्या चाकाच्या दातेरी चक्राच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या फटीत बसतं. वर दिवसभराचा फुफाटा, कापसाच्या गाड्यांचा नि उसाच्या ट्रॅक्टरचा. दहिवर आणि काळ्या मातीची धूळ मिळून जो काळा चिखल चेनवर तयार होतो तो कानशीसारखा चेन खातो.

उपाय फुकटातला आहे. सायकल छपराखाली ठेवा. भिंती नसल्या तरी चालतील, वरती काहीतरी पाहिजे, पत्रा, ओसरी, चिंचेचं झाड, काहीही. वरचं आभाळ झाकलं गेलं की लोखंड तेवढं गार होत नाही आणि दहिवर बसत नाही. छप्परच नसेल तर निदान सीटवर कॅरीबॅग बांधा. ताडपत्रीनं सगळी सायकल गच्च गुंडाळायची काही लोकांना हौस असते, त्यानं जमिनीचा ओलावा आत कोंडतो. खालून मोकळी ठेवा.

भाचीकडं गणित उलटं. तिथं बाहेर उणे सहा आणि खोलीत वीस अंश. गारठलेली सायकल थेट खोलीत आणली की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखी तिला आतून-बाहेरून घाम सुटतो. तो घाम पुसायच्या आत सकाळी ती पुन्हा बाहेर गेली की आतलं पाणी गोठतं. रात्री पडणारे गिअर सकाळी का पडत नाहीत, त्याचं उत्तर हेच. म्हणून तिला सांगितलं, दोनपैकी एक धर. एक तर सायकल कायम बाहेरच, छपराखाली, थंड पण कोरडी राहू दे. नाहीतर आत आणलीस तर पूर्ण वाळेपर्यंत आत ठेव, फडक्यानं पुस, चेनला तेल दे, मगच बाहेर काढ. रोज आत-बाहेर आणि पुसायचं मात्र नाही, ही सगळ्यात वाईट रीत. तिच्या इमारतीला तळघर आहे, थंड आणि कोरडं. सायकलीसाठी त्याहून चांगली जागा नाही.

फ्रीव्हीलचे कुत्रे

आता पेडल नुसतं का फिरतं ते बघू. फ्रीव्हीलच्या पोटात छोटे लोखंडी कुत्रे असतात, त्यांच्यामागं केसासारखी बारीक स्प्रिंग. पेडल मारलं की कुत्रे उठून दात्यात अडकतात आणि चाक ओढलं जातं. पेडल थांबवलं की ते दात्यांवरून घसरतात, तो कटकट आवाज त्यांचाच. आत घट्ट ग्रीस भरलेलं असेल, त्यात वर्षाची धूळ कालवली गेली असेल, तर गारठ्यात त्या स्प्रिंगला कुत्रं उचलायची ताकद राहत नाही. कुत्रं आडवंच पडून राहतं. बर्फाच्या मुलखात ग्रीसच्या जोडीला पाणी गोठतं आणि कुत्रं जागेवर चिकटतं. आवाजावरून आधीच कळतं. चाक उचलून पेडल उलटं फिरवा. कटकट स्वच्छ येत असेल तर ठीक, दबकी किंवा अधूनमधून येत असेल तर गारठा वाढायच्या आत काम करून घ्या.

फ्रीव्हील खोलायची गरज नाही, आतले छर्रे एकदा सांडले की घरी कुणाला बसवता येत नाहीत. चाक काढा आणि फ्रीव्हील वर येईल असं आडवं ठेवा. पूर्वी आम्ही रॉकेलनं धुवायचो, आता रॉकेल मिळायची मारामार, डिझेल चालतं. मेडिकलमधून सिरिंज आणा, सुई काढून टाका. फ्रीव्हीलचा मधला भाग स्थिर असतो आणि बाहेरचा फिरतो, त्या दोघांमधल्या फटीत डिझेल सोडायचं आणि बाहेरचा भाग हातानं फिरवत राहायचं. खाली जुनं पातेलं ठेवा, पहिल्यांदा डांबरासारखं काळं निघेल. निघणारं डिझेल बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मग चाक रात्रभर तसंच निथळू द्या, सकाळी उन्हात ठेवा. पूर्ण वाळलं की त्याच फटीत पातळ तेलाचे पाच-सात थेंब. ग्रीस नाही. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरून देणारे मिस्त्री आहेत, त्यांना वाटतं जास्त दिवस टिकेल. टिकतं, पण हिवाळ्यात पायी चालायची तयारी ठेवा.

डिझेल टायरला, रिंगला किंवा ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका. रबर खराब होतं आणि ब्रेक घसरतो. आणि नव्या गिअरच्या सायकलींना कॅसेट असते, तिचे कुत्रे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या आत बसवलेले असतात, तिथं असं डिझेल सोडायचं नाही, आतल्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन निघतं. ते काम दुकानातच करून घ्या आणि सांगून ठेवा की कुत्र्यांना पातळ तेल पाहिजे.

वाटेत कुत्रे चिकटले तर? परभणीत थोडं थांबा, चाक उन्हाकडं करा. केम्निट्झमध्ये कुठल्यातरी उबदार पॅसेजमध्ये अर्धा तास ठेवा, मग आतला ओलावा जाईपर्यंत वाळवा. किटलीतलं गरम पाणी ओतायची कल्पना सगळ्यांना सुचते. पाच मिनिटं चालते सायकल, आणि नंतर आधीपेक्षा जास्त पाणी गोठून बसतं.

तेल कुठलं

ह्यावर मी भांडायला तयार असते. गावाकडून येणाऱ्या दहा सायकलींतल्या निम्म्यांच्या चेनला स्वयंपाकघरातलं तेल असतं.

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल निघत नाही हे ज्या घरात रोज बघतात, त्याच घरात ते चेनला लावतात. सकाळी चेनच्या कड्या मेणात बुडवल्यासारख्या. करडईचं त्याहून वाईट. इथल्या विद्यापीठानं 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण काढला, मराठवाड्याच्या जेवणाला करडईचं तेल शोभतं, मीही तेच वापरते, पण कढईत. हे तेल उघड्या हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरतं. जवसाचं तर इतकं सुकतं की रंगवाले मुद्दाम रंगात घालतात. चेनवर लावलं की पहिला आठवडा मऊ, मग डिंक, मग त्या डिंकावर धूळ.

गॅरेजमधलं जळकं ऑइल हा दुसरा लाडका प्रकार. त्यात काजळी आणि इंजिन झिजून निघालेला लोखंडाचा बारीक चुरा असतो. नवं इंजिन ऑइल त्या मानानं परवडलं, पण मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० गारठ्यात जड होतं आणि धूळ ओढतं.

इथल्या हिवाळ्याला शिलाई मशीनचं तेल पुरतं. पातळ आहे, थिजत नाही, कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतं. खोट एवढीच की लवकर उडतं, म्हणून आठवड्याला लावावं लागतं. लावायची पद्धत महत्त्वाची. आधी चेन डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडी करा. मग खालच्या बाजूनं जाणाऱ्या चेनच्या प्रत्येक कडीच्या जोडावर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत. पाच मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल कडीच्या आत पाहिजे. बाहेर चमकणारी चेन बघून मालक खूश होतो आणि धूळही.

बर्फात मात्र हे तेल टिकत नाही, चिखल-पाण्यानं दोन दिवसांत धुतलं जातं. तिथं सायकलच्या दुकानातलं हिवाळ्याचं तेल किंवा चेनचं मेण घ्यावं. लावायचं घरात, ऊब असताना, आणि रात्रभर राहू द्यायचं. त्यात बऱ्याचदा विरघळवणारं द्रावण असतं, ते उडून गेलं की मगच खरा थर बसतो. लावून लगेच बाहेर पडलात तर पैसे रस्त्यावर ओतल्यासारखे. डब्ल्यूडी-४० फवारला की झालं असं बरेच जण समजतात. ते पाणी हटवायला उत्तम आहे, पण चेनला तेल म्हणून पुरत नाही. आधी ते मारा, पुसा, मग तेल द्या.

चाकांचे हब आणि पेडलचा मधला एक्सल यांना मात्र ग्रीसच पाहिजे. परभणीच्या गारठ्यात साधं ग्रीस चालतं, फक्त ताजं असू द्या. जुनं ग्रीस साबणासारखं कडक झालेलं असतं, चाक हातानं फिरवलं तर लगेच थांबतं. दिवाळीनंतर एकदा ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून, धुऊन नवं ग्रीस भरणं, करून घेतलं की संक्रांतीपर्यंत बघायला नको. उणे पंधरा-वीसमध्ये रोज फिरणाऱ्यांनी कमी तापमानाचं सिंथेटिक ग्रीस भरून घ्यावं.

ब्रेक

जुनी काळी दूधवाली सायकल, जिला वायरीऐवजी सळईचे ब्रेक असतात, ती थंडीत सगळ्यात बिनघोर. वायरच नाही तर वायरीत पाणी गोठणार कुठून? सळया जिथं जोडल्यात त्या जागांना तेलाचा एकेक थेंब द्या, नटा-बोल्टांना पान्हा लावा, विषय संपला.

वायरीच्या ब्रेकला बघावं लागतं. वरचं प्लास्टिकचं कव्हर जिथं खाली झोळ घेतं तिथं पाणी साचतं. इथं ते गंज धरतं आणि ब्रेक जड होतो, तिथं ते गोठतं आणि वायर अडकते. भाचीचा ब्रेक सुटत नव्हता तो ह्याचमुळं. वायर ब्रेकच्या टोकाकडून ढिली करून पूर्ण ओढून काढायची. कव्हर उभं टांगून निथळू द्यायचं, फुंकर मारून बघायची, आरपार जाते का. वायर पुसायची, गंजली असेल तर नवी, शक्यतो स्टेनलेस स्टीलची. मग बोटांवर पातळ तेल घेऊन वायरीला लावत लावत परत आत घालायची. कव्हरच्या टोकांना टोपी असतेच, ती हरवलेली असेल तर लावा, पाणी तिथूनच आत जातं. गिअरच्या वायरीला हेच, आणि तिच्यात ग्रीस कधीच नाही.

ब्रेकच्या रबरात अडकलेले खडे सुईनं काढा. बर्फात चालवताना रिंगवर बर्फाचा पातळ थर धरतो आणि पहिला ब्रेक लागतच नाही. म्हणून अधूनमधून ब्रेक हलका दाबून रिंग पुसत राहायची, चौक येण्याच्या बऱ्याच आधी. थांबल्यावर ब्रेक दाबून बांधून ठेवू नका, रबर रिंगला चिकटून बसतं.

जर्मनीत जुन्या सायकलींना बऱ्याचदा पेडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक असतो. भाचीच्या मैत्रिणीला तो आवडेना, काढून टाकते म्हणाली. काढू नकोस म्हटलं. तो हबच्या आत बंद असतो, त्याला ना पाणी लागतं ना बर्फ, हिवाळ्यात तोच कामाचा. तसंच हबच्या आत असलेले गिअर. बाहेर लटकणाऱ्या गिअरमध्ये बर्फाचा लगदा अडकतो, आतल्यांत नाही. बाहेरचेच गिअर असतील तर सायकल ठेवताना मधल्या गिअरवर ठेवा. रात्री सगळं गोठलंच तरी सकाळी निदान चालवण्याजोग्या गिअरवर अडकेल.

डिस्क ब्रेक असेल तर एकच सांगते, त्याच्या आसपास कुठलाही स्प्रे मारू नका. पॅडला तेल लागलं की तो ब्रेक गेला.

हवा आणि पंक्चर

दुपारी तीस अंशांत टायरमध्ये पन्नास पौंड हवा भरली आणि पहाटे पारा आठवर आला, तर कुठंही गळती नसताना पाचेक पौंड हवा कमी भरते. हवा आकसते. दूधवाला म्हणतो, ताई पंक्चर आहे. टबात ट्यूब बुडवून दाखवावी लागते. केम्निट्झमध्ये वीस अंशांच्या खोलीत पन्नास पौंड भरून उणे दहात गेलं की त्रेचाळीस-चव्वेचाळीस उरतात. म्हणून हवा बाहेरच, थंडीतच तपासा. दुधाच्या कॅनचं ओझं असेल तर हवा पहाटे भरून घ्या, आणि दुपारच्या उन्हात फुगवून दगड करू नका. निसरड्यावर मात्र हवा थोडी कमीच बरी, टायर रस्त्याला जास्त धरतं. टायरवर किती ते किती पौंड हे छापलेलं असतं, त्यातला खालचा आकडा धरा, त्याच्याही खाली नको, नाहीतर खड्ड्यात रिंग ट्यूबला चावते.

आपल्याकडच्या साध्या वॉल्व्हला जी रबरी वॉल ट्यूब असते ती गारठ्यात कडक होऊन चिरते. रात्रीत हवा जाते आणि पंक्चर सापडत नाही तेव्हा आधी ती बदला. दोन जास्तीच्या सीटखालच्या पिशवीत असू द्या.

पंक्चरचं सोल्यूशन थंडीत लवकर सुकत नाही आणि ओल्यावर पॅच चिकटत नाही. ट्यूब अंगाच्या उबेत, जाकिटात धरून कोमट करा, कोरडी पुसा, मग घासून सोल्यूशन लावा आणि नेहमीपेक्षा जास्त थांबा. बर्फाच्या मुलखात गोठलेल्या बोटांनी हे रस्त्यावर करायच्या भानगडीत पडू नका, तयार ट्यूब जवळ ठेवा आणि बदला. काढलेली घरी जोडा. शेकोटीवर टायर शेकून घेणारे वीर पाहिलेत मी. रबर आहे ते, कणीस नाही.

मीठ

हे इथल्यांनी सोडून पुढं वाचलं तरी चालेल. जर्मनीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. मिठानं पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, पण उणे नऊ-दहाच्या खाली ते फारसं काम करत नाही, आणि उणे एकवीसला तर मिठाचं दाट पाणीसुद्धा गोठतं. फिनलंडमधलं ओउलू, जिथं २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद भरली, तिथं सायकलच्या वाटांवर मिठाऐवजी बर्फ दाबून घट्ट करतात आणि वर बारीक खडी पसरतात. सायकलीला ते कितीतरी बरं. कारण मिठाचं पाणी चेनचा एका रात्रीत तांबडा भुगा करायला लागतं.

मिठाच्या रस्त्यावरून आल्यावर चेन फडक्यानं पुसायची, रोज. आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट साध्या पाण्यानं सायकल धुवायची, जोराच्या पाइपानं नाही, त्यानं पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. धुतल्यावर वाळवायची, तेल द्यायचं. नुसतं धुऊन बाहेर ठेवणं म्हणजे आपण स्वतःच पाणी भरून गोठवणं.

कुलूप, बॅटरी, दिवे

कुलपाच्या भोकात तेल घालू नका, धूळ धरून बसतं. ग्रॅफाइटची पूड घाला. कुलूप लावताना भोक खाली करा म्हणजे पाणी आत जाणार नाही. गोठलंच तर तोंडानं वाफ सोडू नका, त्या वाफेचंही पाणीच होतं. किल्ली तळहातात गरम करून हळूहळू घाला.

बॅटरीच्या सायकली आता परभणीतही दिसतात. लिथियम बॅटरी थंडीत कमी अंतर जाते, इथं फार फरक पडत नाही. पण शून्याच्या खाली ती चार्ज करायची नाही, आत लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते. बर्फातून आणली तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच प्लग लावा. चालवताना मात्र निघायच्या क्षणी बसवा, रात्रभर सायकलवर ठेवू नका. भाचीच्या सायकलला पुढच्या चाकात डायनॅमो आहे, तिला सेल गोठायची भीतीच नाही.

रस्त्यावर

जानेवारीत पहाटे धुई पडते तेव्हा वसमत रोडनं उसाच्या ट्रॉल्या जातात, मागं ना दिवा ना लाल फडकं. गारठ्यानं सायकल बंद पडली तर फार तर उशीर होतो, ट्रॉली मात्र दिसली नाही तर जिवावर बेततं. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पेडलला आणि दुधाच्या कॅनला रेडियमची पट्टी, आणि पुढं दिवा. एवढं केल्याशिवाय मी पहाटेच्या गिऱ्हाइकाला सायकल परत देत नाही, पट्टीचे पैसे नाही घेतले तरी चालतील. हातमोजे लोकरीचे घालत असाल तर वरून प्लास्टिकची पिशवी चढवा, वारं अडतं. बोटं बधिर झाली तर ब्रेक चांगला असून उपयोग नाही.

बर्फावर सायकल वळवताना तिरकी करायची नाही, उभी ठेवून मोठा वळसा घ्यायचा आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. सीट दोन बोटं खाली घ्या, पाय लगेच टेकतो. पूल आधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही थंड हवा वाहते. रस्ता कोरडा दिसला तरी पुलावर चढण्याआधी वेग कमी करा. रोजचाच रस्ता बर्फाचा असेल तर खिळ्यांचे टायर घ्या, त्यात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले असतात. महाग असतात. मी भाचीला म्हटलं, एकच घेऊ शकत असशील तर पुढच्या चाकाला घाल. मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस सरळ खाली.

हिवाळा सरल्यावर

इथं होळीच्या आसपास सायकल पुन्हा एकदा उघडा. दहिवराचं पाणी फ्रेममध्ये साचलेलं असतं, सीटचा पाइप काढून सायकल उलटी करा, कधी कधी चांगलं भांडंभर निघतं. हबचं ग्रीस नवं करा, पुढं उन्हाळ्याची धूळ आहे. भाचीला मार्चमध्ये जास्त काम पडणार. चेन मोजून घ्यायची, कडीला कडी लांबलेली असेल तर बदलायची, नाहीतर ती मागचे दातेही खाते. मिठामुळं ॲल्युमिनियमचा सीट पाइप लोखंडी फ्रेममध्ये असा धरतो की नंतर घणानं निघत नाही. म्हणून तो आत्ताच, मीठ सुरू व्हायच्या आधी, बाहेर काढून ग्रीस लावून परत घालायचा. तेवढं आज संध्याकाळी करच असं तिला सांगितलंय, आणि फोटो मागितलाय.